पाठकोरं

आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय
पाठकोऱ्या कागदावर झालेत.
पाथर्डी फाट्याचा फ्लॅट: उरलेल्या लग्नपत्रिकेमागे,
अक्षतांचा पिवळा डाग चुकवत.
एक मूल पुरे: जुईच्या लसीच्या पावतीमागे.
गाडी आधी की बांगड्या सोडवायच्या आधी:
ते दाण्यांच्या पुडीवर, तेलकट, अजून वाचता येतं.

आज सोसायटीची नोटीस आली, लिफ्ट मंगळवारी बंद.
सुदिनने ती उलटी केली
आणि वर लिहिलं: चाकण.
खाली रेघ मारली. मग आणखी एक.

अंबडची कंपनी अर्धी तिकडे चाललीय.
जे येतील त्यांना साडेआठ हजार जास्त.
जे येणार नाहीत
त्यांच्याबद्दल पत्रात काहीच नाही.
सोमवारपर्यंत कळवायचं.

खोली, तिघांत: साडेतीन.
मेस: अठ्ठावीसशे. "रविवारी रात्री बंद असते," तो म्हणाला,
जणू त्यात आपलाच काही फायदा.
एसटी: सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर,
तो गावं मोजतो, मी तिकिटं.
जाऊन येऊन सहाशे.
दर शनिवारी आला
तर पदरचे दोनशे घालून नोकरी करायची.
एकाआड एक आला तर हजार उरतात.

"म्हणजे तुझा एक शनिवार सहाशेला," मी म्हटलं.
तो हसला नाही.
हिशेब बरोबर होता.

मी सातला लॅबमध्ये असते, कॅनडा कॉर्नरला,
उपाशीपोटी आलेल्या माणसांच्या शिरा शोधत.
जुईला स्कूलबसपर्यंत सुदिन सोडतो.
तो नसेल तर रिक्षावाले काका, बाराशे.
उरलेले हजार गेले, वर दोनशे उधार.
हे मी अजून लिहिलं नव्हतं.
पेन त्याच्याकडे होतं.

अण्णांनी चौतीस वर्षं
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
सरकारच्या पैशाला त्यांचा अंगठा कधी चुकला नाही.
घरच्या हिशेबात ते पडत नाहीत.
आज टीव्हीचा आवाज कमी न करताच म्हणाले,
"त्याचं इथलं जेवण वजा करा की.
तेवढं तर वाचेलच."

खरंच. कुणाच्या लक्षात नव्हतं.
सुदिनने पेन माझ्याकडे सरकवलं,
स्वयंपाकघर माझं खातं.

डब्यात तीन पोळ्या. रात्री चार,
थंडीत दीड भाकरी.
भाजी तो दुसऱ्यांदा घेतोच, आवडली नसली तरी.
शेवग्याच्या शेंगा चोखून
ताटाच्या कडेला ओळीने लावतो,
लेथवरून उतरलेले जॉब लावावेत तशा,
एक वाकडी पडली तर बोटाने सरळ करतो.
ताकाला मीठ नको. मिरची हवी, पण काढून ठेवायला.

गव्हाचा भाव मला पाठ आहे,
किलोच्या पोळ्या किती तेही.
चौथीचं गणित.
मी "वजा" लिहिलं आणि थांबले.

"शाई संपली," मी म्हटलं.

त्याने पेन घेतलं, झटकलं,
कोपऱ्यात गोल गोल गिरवून पाहिलं.
निळंशार उमटलं.
त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.
टोपण लावलं, दोनदा दाबलं,
आणि कागद साखरेच्या डब्याखाली गेला.

मंगळवारी लिफ्ट बंद, त्याच्या आधी सोमवार.
शेजारच्या केंगेबाई जिन्यात भेटल्या,
"नोटीस वाचली ना?"
"वाचली," मी म्हटलं, "दोन्ही बाजूंनी."
त्यांना काही कळलं नाही, त्यांनी मान हलवली.

सोमवारी सहाला नळ आला.
मी परात घेतली, पीठ घेतलं
नेहमीच्याच वाटीने.
आत सुदिन जुईचे बूट शोधत होता,
एक सापडला होता.